केसभर उंचवटा

मित्रांनो, मी लोखंडाची एक जाडजूड पाटी आहे. कारखान्यात मला सरफेस प्लेट म्हणतात. माझं काम एकच, सपाट असणं. हसू नका. यंत्राचा कुठलाही भाग सरळ आहे की वाकडा, हे त्याला माझ्यावर ठेवून मोजलं की कळतं. सगळ्यांनी धावपळ करायची आणि मी नुसतं पडून राहायचं, असा माझा थाट!

माझा जन्म इंग्लंडातल्या एका कारखान्यांच्या गावात झाला. या गल्लीत ओतारी, पलीकडच्या गल्लीत खरवडणारे. आम्हा तिघी बहिणींना निळा रंग लावून एकमेकींवर घासत. रंग जिथे लागेल तिथे उंचवटा, तो पात्याने खरवडायचा. असे कितीतरी दिवस गेले, तेव्हा कुठे आम्ही सपाट झालो. मग बोटीने आणि पुढे रेल्वेने मी पुण्याजवळच्या खडकीला, एका कारखान्यात आले. तिथे तात्याराव नावाचे जुने कारागीर होते. दर वर्षी ते मला निळा रंग लावून तपासत आणि खरवडून पुन्हा सरळ करत. ते गेले. त्यांची मुलं कॉम्प्युटरकडे वळली. रंगाची डबी कुणी पुन्हा उघडली नाही, आणि पुढे मला लिलावात काढलं.

वाघोलीच्या हिंमतरावांनी मला घेतलं. यवतमाळकडून आलेला कष्टाळू माणूस, पत्र्याच्या शेडमध्ये थोडीशी यंत्रं. माल तपासायला विश्रांतवाडीची कल्याणी होती, आयटीआय केलेली. खिडकीजवळच्या माझ्या कोपऱ्यावर डायलचा, म्हणजे माप दाखवणाऱ्या काट्याच्या तबकडीचा, स्टँड ठेवून ती मोजायची. तेलाचा हात फिरवल्याशिवाय ती मला सोडून घरी जात नसे. एवढी माया मला कुणी लावली नव्हती.

तेव्हा परदेशी मालाला दारं उघडली होती. मोठ्या मोटार कंपनीचे दिग्विजयसाहेब शेडमध्ये आले. एकाच भागाचे नमुने ते तीन ठिकाणांहून मागवत होते, जर्मनी, तैवान आणि वाघोली.

"जर्मनीतला नमुना ज्या खोऱ्यातून येतोय, तिथे पूर्वी घरोघरी लाकडी घड्याळं करायचे," ते म्हणाले. "तोच बारकावा पुढे यंत्रांत उतरला. तैवानात सायकल आणि शिलाई मशीनवाल्यांच्या गल्ल्या होत्या. पुण्याला खडकीचे कारखाने होते. मूळ तिघांचंही एकच, हिंमतराव, शेजारी शेजाऱ्याकडून शिकला. नमुना बरोबर द्या. मला काम इथेच द्यायचंय."

"साहेब, आमच्या कल्याणीचा हात चुकत नाही," हिंमतराव म्हणाले. कल्याणी लाजली आणि मला उगाच पुसू लागली.

मग खंडेनवमी आली. कल्याणी घरच्यांबरोबर नागपूरला दीक्षाभूमीला गेली होती. शेडमध्ये अवजारांची पूजा झाली. हिंमतरावांनी नारळ माझ्यावर ठेवला आणि हातोडा हाणला. नारळ सरकला आणि हातोडा बसला माझ्या खिडकीकडच्या कोपऱ्यावर. "लोखंडाला काय होतंय," असं म्हणून त्यांनी तिथेच हळदकुंकू वाहिलं. खड्डा बारीकच होता. पण त्याच्या कडेचं लोखंड केसभर वर आलं होतं. मला ते ठणकत होतं आणि सांगायला तोंड नव्हतं.

कल्याणी परतली आणि तिने नमुने मोजले. डायलचा स्टँड नेमका त्या उंचवट्यावर बसला. मी तिला खोटं माप दाखवलं. हो मित्रांनो, मीच. ती समाधानाने हसली तेव्हा मला वाटलं, आत्ताच्या आत्ता दुभंगावं. लोखंडाला तेवढंही जमत नाही.

नमुने नापास होऊन परत आले.

"बाई, लक्ष कुठं होतं तुमचं?" हिंमतरावांनी विचारलं. एरवी ते तिला पोरी म्हणत.

"काका, मी पुन्हा मोजते."

तिने पुन्हा मोजलं, त्याच कोपऱ्यात, त्याच उजेडात, आणि मी पुन्हा तेच खोटं बोलले. निळ्या रंगाचं एक बोट कुणी माझ्यावर फिरवलं असतं, तर उंचवटा लगेच दिसला असता. पण तो रंग लावायचा असतो, हे शेडमध्ये कुणाला ठाऊकच नव्हतं. जर्मनीत असते तर शेजारच्या गल्लीतून कुणीतरी आलं असतं. इथे शेजारी आता गोडाऊन आहे.

काम तैवानला गेलं. कल्याणीला कुणी काढलं नाही, तीच गेली. शेवटच्या दिवशी तिने मला तेल लावलं आणि हळूच म्हणाली, "माझाच हात गेला गं." आता ती येरवड्याच्या बाजूला कुठल्याशा कॉम्प्युटर ऑफिसात नुसते आकडे भरते, असं ऐकते. मापाचं हत्यार तिने पुन्हा हातात धरलं नाही म्हणे.

मित्रांनो, माणसाला चूक ठरवण्याआधी माप तपासत जा. आणि जाणत्या हातांकडून ते हात आहेत तोवर शिकून घ्या. माझं काय, मी आज ना उद्या भंगारात जाईन. पण तुमच्यापैकी कुणी येरवड्याला राहत असेल, तर कल्याणीला शोधून माझा एवढा निरोप द्या. म्हणावं, पोरी, तुझा हात बरोबर होता.