अंबुमावशीचे हातमोजे

आमच्या घरात एक रीत आहे आणि ती मी लावली आहे. आमचा रविराज रजा संपवून पलटणीत परत जायला निघाला की दोन दिवस आधी हॉलमधला टीपॉय गॅलरीत जातो, जमिनीवर माझं जुनं राखाडी कांबळं अंथरलं जातं आणि त्यावर त्याचं सगळं सामान मांडलं जातं. बूट डावीकडे, टाचा एका रेषेत. पायमोजे गुंडाळून. थाळी, बाटली, सुई-दोऱ्याची पिशवी, सगळं आपापल्या जागी. मग मी चष्मा लावून, हात पाठीमागे बांधून त्याभोवती फिरतो. चोवीस वर्षं नोकरी करून मी हवालदार म्हणून बाहेर पडलो. सुभेदार व्हायचं राहिलं, ती हौस मी पोरावर भागवून घेतो, असं माझी बायको विजयश्री म्हणते. म्हणू दे.

या तपासणीचा नियम एकच. सरकारनं दिलेलं ते इश्यूचं, ते कांबळ्यावर. स्वतःच्या पैशानं बाजारातून आणलेलं ते सिव्हिलचं, ते कांबळ्याच्या बाहेर आणि पुढच्या रजेपर्यंत घरात. गेल्या खेपेला रविराजनं गुडघ्याला बांधायच्या गाद्या आणल्या होत्या. त्या मी बाजूला काढल्या. हिवाळ्यात एकदा फोनवर आईशी बोलताना त्याच्या तोंडून निघून गेलं की गुडघे सोलवटलेत. विजयश्री दोन दिवस माझ्याशी बोलली नाही, आणि मी मूग गिळून बसलो.

या वेळी शनिवारी कुरिअरवाला दोन खोकी देऊन गेला. पिंपळे गुरवात आमची वावरं होती तिथं आता तीन सोसायट्या उभ्या आहेत आणि दिवसभर असली खोकी घेऊन माणसं जिन्यावरून पळत असतात, म्हणून मी लक्ष दिलं नाही. रविवारी सकाळी कांबळं अंथरलं तेव्हा दिसलं. त्याच गुडघ्याच्या गाद्या पुन्हा होत्या, हेल्मेटच्या आत लावायचे मऊ तुकडे होते आणि बुटांच्या उजवीकडे, अगदी ऐटीत, नवेकोरे काळे हातमोजे होते.

"हे काय हाय?" मी विचारलं.

"हातमोजे, अण्णा."

"ते मलाबी दिसतंय. इश्यूचं कुठं गेलं?"

"ते पण आहेत की, हे बघा. इश्यूचं वाईट नाही, अण्णा. जॅकेट, हेल्मेट चांगलं मिळतं. पण माझी बोटं आखूड आहेत. हातमोज्याच्या टोकाला जागा रिकामी राहते. बारीक काम आलं की काढावे लागतात. आणि तिथं एकदा हात उघडा पडला की..."

"आमी काय उघड्या हातानं फिरलो व्हय रं वर?" मी इतका मोठ्यानं ओरडलो की खालच्या भाडेकरूनं टीव्ही बारीक केला. "इश्यूचं ते इश्यूचं! एकानं लाल घालायचं, दुसऱ्यानं काळं घालायचं, पलटण हाय का वरात?"

"सुंभ जळला तरी पीळ जाईना," विजयश्री स्वयंपाकघरातून म्हणाली. ती मटणाचं वाटण करत होती आणि तिचा वरवंटा जरा जास्तच जोरात फिरत होता.

रविराज वाद घालेल असं मला वाटलं होतं. पंचवीस वर्षांचा गडी, दोन वर्षं सीमेवर काढलेला. पण त्यानं वाकून गाद्या, तुकडे आणि ते हातमोजे उचलले, कांबळ्याच्या बाहेर फरशीवर ठेवले आणि म्हणाला, "बरं अण्णा. तुम्ही म्हणता तर राहू दे."

याच शब्दांत मला पूर्वी एकदा कुणीतरी असंच म्हटलं होतं. माझा सगळा राग एकदम गेला.

तसं म्हणणारा तो विलास. नेमका याच रविवारी तो जेवायला यायचा होता. रविराज निघायच्या आधी विलास आमच्याकडे मटण खातो, ही दुसरी रीत. ती मात्र त्यानं लावलेली.

विलास संत तुकाराम नगरचा. त्याचे आईवडील मराठवाड्यातून इथं कंपनीत पोट भरायला आले होते. अठ्ठ्याऐंशी साली आम्ही दोघं एकाच सायकलवरून भरतीला गेलो. जाताना मी मारली, येताना त्यानं मारली. दोघंही निवडलो गेलो आणि नशिबानं एकाच पलटणीत पडलो. आता आठवलं तरी हसू येतं. उत्तरेकडच्या त्या चौकीवर आम्ही नऊजण होतो, चारी बाजूंनी बर्फ आणि मध्ये ऊब घ्यायला रॉकेलची शेगडी, बुखारी. तिच्या धुरानं सकाळी थुंकी काळी पडायची. दूध डब्यातलं, अंडी भुकटीची. तिथं दुपारचे तीन वाजले की विलास बंकराबाहेर उभा राहून दोन्ही हात तोंडाशी धरायचा आणि हुबेहूब पिंपरीच्या कंपनीसारखा भोंगा काढायचा. मग ओरडायचा, "फस्ट शिफ्ट सुटली रे! चला घरी!" पंजाबकडची, हिमाचलची पोरं पोट धरून हसायची. त्यांना भोंगा माहीत नव्हता, पण घरी जायचं माहीत होतं. मला तर तो आवाज आला की थेट सायकलींची रांग दिसायची, डबे खडखडताना ऐकू यायचे. आता इथंही भोंगे ऐकू येत नाहीत. पण त्या चौकीवर माझं गाव होतं, ते विलासच्या नरड्यात होतं.

त्याची आई, अंबुमावशी, घरी बसून कंपन्यांसाठी वेल्डरचे हातमोजे शिवायची. जाड पिवळं चामडं, पायानं चालवायचं मशीन, दाराशी मोज्यांचा ढीग. विलास चौकीवर जाणार कळल्यावर तिनं त्याच चामड्याचे, त्याच्या हाताच्या मापाचे हातमोजे शिवले आणि आत घोंगडीचं अस्तर लावलं. विलासचे हात बायकांसारखे लहान. जुन्या वर्तमानपत्रावर पंजा ठेवून तिनं पेन्सिलीनं माप काढलं होतं. मी तेव्हा तिथं चहा पीत बसलो होतो. "तुजंबी काढू का रं, हिंदुराव?" तिनं विचारलं होतं. मी म्हटलं, माझे हात मोठे, मला इश्यूचे फर्स्टक्लास बसतात.

खरंच बसायचे. इश्यूच्या मोज्यांत काही खोट नव्हती. खोट माझ्यात होती.

त्याचं असं झालं. मी नुकताच नाईक झालो होतो, सेक्शन माझ्या हाताखाली आलं होतं. नवा मुसलमान नमाज जास्त पढतो, तशातली गत. मोठे साहेब चौकीला भेट देणार असा निरोप आला आणि मी सगळ्यांचं सामान कांबळ्यावर मांडून घेतलं. विलासचे पिवळे हातमोजे मी बाजूला काढले. म्हटलं, साहेब गेले की घे, तोवर माझ्या ट्रंकेत राहू देत. तो म्हणाला, "बरं हिंदुराव. तू म्हणतोस तर राहू दे."

हवा बिघडली आणि साहेब आलेच नाहीत. पण मी ट्रंक उघडायच्या आधीच, त्याच दुपारी, वाटेवरची दोरी तुटली म्हणून तिघांना जावं लागलं, त्यांत विलास होता. इश्यूच्या मोज्यात त्याची बोटं कुठल्या कुठं. दोरीची गाठ बर्फानं घट्ट झालेली. त्यानं उजव्या हातातला मोजा काढला, गाठ सोडवली, नवी मारली. वीसेक मिनिटं लागली असतील. आठवड्यानं खालच्या इस्पितळात त्याची करंगळी आणि शेजारचं बोट काढून टाकलं.

हातमोजे माझ्याकडेच राहिले. आज देऊ, उद्या देऊ म्हणत राहिलो. पण बोटं नसलेल्या माणसाला कोणत्या तोंडानं हातमोजे द्यायचे? त्यानंही कधी मागितले नाहीत. पुढं नोकरी संपवून तो चाकणला एका प्रेस शॉपमध्ये, पत्रा दाबायच्या यंत्रावर, लागला आणि मग तर प्रश्नच मिटला. आमच्या या भागात कुणाची दोन बोटं नसली तर लोक विचारत नाहीत, प्रेसमध्ये गेली असं धरूनच चालतात. विलासही मान डोलावून मोकळा. माझ्या पोरालाही तेच माहीत. मी आता चाकणच्याच एका कंपनीच्या गेटवर सिक्युरिटीत आहे, सेफ्टी शूज नसले तर माणसाला माघारी पाठवतो. विलासच्या हाताची गोष्ट निघाली की मी म्हणतो, प्रेस फार वाईट. म्हणतो म्हणजे, म्हणायचो.

साडेबाराला विलास आला. चप्पल काढता काढताच त्याला फरशीवरचे हातमोजे दिसले. त्यानं ते उचलले, उलटेसुलटे केले, शिवण बघितली. हातमोजे शिवणाऱ्या बाईचा पोरगा तो.

"शिवण चांगली हाय," तो म्हणाला. "हे भाईर का ठिवलंत?"

"सिव्हिलचे आहेत ना, काका," रविराज म्हणाला. मग त्यानं हसून विचारलं, "तुम्हीच सांगा, तुमच्या वेळी कुणी स्वतःचे हातमोजे घालायचं का?"

विलासनं माझ्याकडे बघितलं. मी कांबळ्याकडे बघत होतो.

"न्हाई रं बाबा," विलास म्हणाला. "तुज्या बापाच्या सेक्शनात कुणाची टाप हुती? आमी सगळं इश्यूचंच घालायचो. लई भारी असायचं."

सत्तावीस वर्षांनंतरही हा गडी मला पाठीशी घालत होता, आणि तेही माझ्याच पोरासमोर. आणि ते पोरगं परवा झेलम एक्सप्रेसनं वर निघालं होतं, आखूड बोटं घेऊन. मी आणखी थोडा वेळ गप्प बसलो असतो तर सगळं जिथल्या तिथं राहिलं असतं. मटण झालं होतं, ताटं मांडायची होती.

मी स्टूल आणलं. माळ्यावरची ट्रंक ओढली. "अहो, पडाल!" विजयश्री ओरडली. कपड्यांच्या तळाशी, मेणकापडात गुंडाळलेले ते होते. दरवर्षी दसऱ्याला मी त्यांना गुपचूप तेल लावत आलो आहे. मी खाली उतरलो आणि ते पिवळे हातमोजे कांबळ्याच्या मधोमध ठेवले.

"काकाची बोटं प्रेसनं न्हाई खाल्ली," मी रविराजला म्हणालो. "मी खाल्ली." आणि उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. विजयश्री पदराला हात पुसत दारात उभी होती, ती तशीच राहिली.

विलास खाली बसला. त्यानं उजव्या हाताचा मोजा उचलला आणि हातात चढवला. तीन बोटं चपखल बसली. उरलेली दोन चामड्याची बोटं रिकामीच खाली लोंबली. त्यानं मोजा नाकाशी नेला.

"तेल लावतुस व्हय रं?"

"तुला माहीत होतं माझ्याकडं हायेत ते?"

"तुज्याच ट्रंकेत ठिवलं हुतं की. जातील कुठं?"

"मग मागितलं का न्हाईस?"

"मागितलं असतं तर तू तोंड दाखवायचं बंद केलं असतंस." तो माझ्याकडे न बघता बोलत होता. "दोन बोटं गेली हुती, हिंदुराव. तूबी गेला असतास तर भोंगा कुणाम्होरं वाजवायचा?"

मी त्याच्या शेजारी बसलो. गुडघे कडाकडा वाजले.

"आईला म्या सांगितलं, गाडीच्या फळक्यात बोटं सापडली," विलास म्हणाला. "थंडीनं गेली म्हनलं असतं तर तिला वाटलं असतं, आपलंच मोजं कमी पडलं. दर थंडीला इचारायची बघ, मरेपर्यंत. मोजं टिकलं का रं, विलास? मी म्हनायचो, टिकलंय की आई, नव्यासारखं हाय."

त्यानं मोजा काढला, दोन्ही मोजे नीट जोडून मांडीवर ठेवले. मला रडू आवरलं नाही आणि मी ते आवरायचा प्रयत्नही केला नाही. विजयश्रीनं पाण्याचा तांब्या आणून माझ्यापुढं ठेवला.

थोड्या वेळानं मी फरशीवरचे काळे हातमोजे उचलले आणि कांबळ्यावर, बुटांच्या उजवीकडे, जिथं रविराजनं सकाळी ठेवले होते तिथंच परत ठेवले. गुडघ्याच्या गाद्या आणि हेल्मेटचे तुकडेही ठेवले.

विलासनं मान तिरपी करून बघितलं.

"सरळ ठिव," तो म्हणाला. "रेषेत न्हाईत."

मी वाकून ते सरळ केले.