घारीच्या बुडाखालची कडी

मित्रांनो, मी एक जुनी शर्यतीची होडी आहे आणि मी अजून रागावलेली आहे. हे आधीच सांगून टाकते. माझ्यासारख्या जुन्या वस्तू आपली कहाणी सांगायला लागल्या, की शेवटी सगळ्यांना क्षमा करून मोकळ्या होतात. खुर्ची करते, छत्री करते, फाटकं पुस्तकसुद्धा करतं. मी केलेली नाही. तुमच्या बाई तुम्हाला क्षमा शिकवत असतील तर जरूर शिका, पण घरी जाऊन. इथे माझं ऐका.

माझं नाव घार. मला राघोने बांधलं, काल्हेरच्या खाडीकाठी. तेव्हा इथे गोदामं नव्हती, भातशेती होती आणि खाडीतून रेती काढणाऱ्या होड्या होत्या. राघो त्या होड्या दुरुस्त करायचा. लोकांच्या जड, ढेरपोट्या होड्या ठोकून ठोकून त्याला कंटाळा आला, आणि त्याने एक सडपातळ होडी मनात धरली. साग आणला, फळीला फळी जोडली, सांध्यांत कापूस आणि राळ ठासली. भिवंडीच्या भंगारवाल्याकडे अपघातातल्या एका ट्रकचं इंजिन पडलं होतं, ते माझ्या पोटात बसवलं. ट्रकचंच स्टिअरिंग, ट्रकचाच भोंगा. पहिल्यांदा मला चालू केलं तेव्हा काठावरच्या म्हशी शेपट्या वर करून पळाल्या. आयुष्यात मला मिळालेली ती पहिली शाबासकी.

पण मला एक खोड होती. वेग धरला की माझी नाळ, म्हणजे माझं पुढचं टोक, वर उठायचं, आणि मग मी सरळ धावायचं सोडून उड्या मारायचे. राघोने पुढे रेतीचं पोतं ठेवून पाहिलं. पोतं घसरायचं. शेवटी त्याची बायको म्हणाली, "मी बसते. पोत्याला अक्कल न्हाय, मना हाय."

ती आक्का. नवी नवरी असतानाच सगळा गाव तिला आक्का म्हणायचा, इतकी ती ठसक्याची. नऊवारीचा काष्टा घट्ट मारून ती माझ्या नाळेवर पालथी पडायची आणि दोन्ही हातांनी माझी कड धरायची. लाट आली की आधी तिला कळायचं, मग मला, मग राघोला. आम्ही तिघं मिळून एक होडी होतो.

नारळी पौर्णिमेला भरतीच्या वेळी पुलापासून बंदरापर्यंत इंजिनाच्या होड्यांची शर्यत लागायची. दोन होड्या, सरळ रेघ, वळण नाही, थांबणं नाही. जिंकेल त्याला मानाचा नारळ. म्हणजे पुढच्या वर्षी गावाच्या वतीने खाडीला पहिला नारळ त्याने द्यायचा. दोनदा तो मान राघोकडे आला. दोन्ही वेळा हरला तो केसरीनाथ. रेतीचा धंदा त्याच्या बापाचा, शर्यतीची होडी मुंबईहून विकत आणलेली, चकचकीत. धावायची मात्र ढिम्म.

तिसऱ्या वर्षी शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी सगळा गाव गावदेवीच्या आरतीला गेला होता. ओहोटी होती. मी चिखलात एका कुशीवर कलंडून पडले होते. तेव्हा केसरीनाथ आला. एकटाच, पायात चप्पल नाही. माझ्या पठाणाला, म्हणजे होडीच्या कण्याला, त्याने मागच्या बाजूने एक आकडा पिळून बसवला. त्या आकड्यात रेती काढायच्या लोखंडी बादलीची कडी घातली, कडीला तारेने बादली बांधली आणि वरून चिखल थापला. मला किती ओरडावंसं वाटलं असेल, सांगा. भोंगा होता माझ्याकडे! पण होडीचा भोंगा होडीला वाजवता येत नाही.

दुसऱ्या दिवशी मी धावले नाही, रखडले. पाण्याखाली ती बादली मला मागे ओढत होती. राघो इंजिन पिळत होता, इंजिन काळा धूर ओकत होतं, आणि आक्का नाळेवरून ओरडत होती, "काय झालं रं? काय झालं हिला?" केसरीनाथ पुढे निघून गेला. बंदराजवळ तार तुटली, बादली खाडीत गेली. तिची कडी मात्र आकड्यात तशीच अडकून राहिली.

आता खरी गोष्ट ऐका. होडी वेडीवाकडी चालली, की खाडीचा माणूस पहिलं काम काय करतो? तिला उलटी करतो आणि बूड बघतो. लहान पोरालाही हे ठाऊक असतं. पण राघोला तेवढी उसंतच मिळाली नाही. काठावर पाय ठेवण्याआधीच गर्दीतून केसरीनाथचा आवाज आला, "बाई बसवली होडीत, खाडी कोपणारच!" झालं! साऱ्या गावाला कारण मिळालं. फुकटचं कारण मिळालं तर बूड कोण बघतो? माना हलल्या, म्हाताऱ्यांनी गालात जीभ फिरवली, बायकांनी पदर तोंडाला लावले. आणि घरी जाताना खुद्द राघो म्हणाला, "तुला बसवायलाच नको होतं."

राघो, बाबा, तू मला जन्म दिलास. पण ते वाक्य मी तुलाही माफ केलेलं नाही. एकदा, फक्त एकदा मला उलटी केली असतीस!

त्याने मला ओंडक्यांवरून ओढत अंगणात नेलं आणि सुलटी ठेवून दिली. पुन्हा हात लावला नाही. इंजिन काढून विकलं. काही वर्षांनी तो तापाने गेला. आक्का उरली. तेव्हापासून ती कुठल्याही होडीत चढली नाही. नारळी पौर्णिमेला सगळ्या बायका काठावर जायच्या, ही घरात तांदूळ निवडत बसायची. कुणी बोलवायचं नाही, आणि तीही जायची नाही. सगळ्यात वाईट हे, की तिला स्वतःलाच ते खरं वाटायला लागलं होतं. कधी कधी माझ्या कडेवर हात ठेवून विचारायची, "माझ्यामुळंच का गं?" आणि मी मुकी! माझ्याच बुडाखाली उत्तर होतं आणि मी त्याच्यावरच बसले होते.

माझ्यात अळू उगवलं. कोंबड्यांनी अंडी उबवली. शेजारच्या पोरांनी माझी बस केली, विमान केलं. तिकडे केसरीनाथचा केसरीशेठ झाला. मानाचा नारळ त्याच्या घरात जो गेला तो राहिलाच. रेती गेली, शेतांवर गोदामं उभी राहिली. त्याच्या बापाची खूण होती, दोन शेपट्यांची मासळी. पूर्वी ती रेतीच्या बादल्यांच्या कडीवर छिन्नीने कोरायचे, म्हणजे बादल्यांची अदलाबदल होत नसे. आता तीच मासळी गोदामांच्या शटरवर आली, ट्रकवर आली, लग्नाच्या पत्रिकांवरसुद्धा आली. त्याने दोनतीनदा आक्काकडे निरोप धाडला, ते लाकूड जळणाला दे म्हणून. आक्काने दिलं नाही. उलट त्याच्या वाढदिवसाचा फ्लेक्स कुठूनसा आणून पावसाळ्यात माझ्यावर घातला. त्याचा हसरा चेहरा आतल्या बाजूला. चार महिने तो माझ्याकडे बघायचा, मी त्याच्याकडे. मी दातओठ खाल्ले असते, पण होडीला दात कुठले!

आणि मग धनेश आला. केसरीशेठचा मुलगा, पण पोरगा गुणाचा, हे मला कबूल करावंच लागेल. त्याला जुन्या शर्यतीच्या होड्यांचा नाद. बापाच्या एका गोदामात त्याने कुठून कुठून अशा होड्या गोळा केल्या होत्या. शेतकऱ्याला बैलाचं असतं तसं त्याला त्यांचं प्रेम. आक्कासमोर तो हात जोडून उभा राहिला.

"आक्का, घार मला दे. हिच्याइतकी पळालेली दुसरी होडी या खाडीत झाली नाही. मी हिला परत उभी करतो."

"उभी करशील, का रंग फासून ठेवशील?"

"नीट करीन. फळी न् फळी."

"ने मंग. या पावसात ती मरंल."

अशी मी गोदामात आले. शेजारी एक फायबरची गोरीपान बोट उभी होती, कानामागून आली आणि तिखट झाली. तिच्याशी मी बोलत नाही.

दुरुस्तीच्या मुहूर्ताला धनेशने गाव बोलावला. मंडप, खुर्च्या, माईक. आक्काला तो स्वतः गाडीतून घेऊन आला. ती शेवटच्या रांगेत बसली. मानाचा पाहुणा अर्थातच केसरीशेठ. पांढरे कपडे, हातात काठी. त्याने माईक घेतला आणि हसत हसत म्हणाला, "राघो गुणी माणूस, पण बायकोचं ऐकणारा. बाई बसवली होडीत, खाडीला न्हाय आवडलं. पाण्याचे काही नियम असतात, मंडळी." लोक हसले. आक्काने मान खाली घातली. माझा जीव तेव्हा कसा तडफडला, ते तुम्हाला सांगता येत नाही. मित्रांनो, इतकी वर्षं मी नुसती रागावलेली होते. त्या हसण्यानंतर मला सूड हवा झाला.

नारळ फुटला. धनेश म्हणाला, "आता हिला उलटी करू."

शेठ दचकला. "आज नको. जुना कणा, मोडंल. वरून रंग मार, फोटोपुरती चांगली दिसंल."

चोराच्या मनात चांदणं! पण पोराला काय माहीत? तो म्हणाला, "बाबा, बूड बघितल्याशिवाय दुरुस्ती कसली?" आणि त्याने माणसांना हाक मारली. साखळ्या कुरकुरल्या. मी उचलली गेले, कलले आणि फिरले. इतक्या वर्षांनी माझ्या पोटाला उजेड लागला. मोडा गं फळ्यांनो, मी म्हटलं, पण आधी फिरा.

धनेशने वाळलेला चिखल खरवडला. आकडा दिसला. आकड्यात कडी. त्याने कडी ब्रशने घासली आणि त्याचा चेहरा एकदम उजळला. बिचाऱ्याला केवढा आनंद झाला! त्याने तिथूनच सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडून सांगितलं, "बाबा! बघा ना, आपली मासळी! आजोबांच्या बादलीची कडी आहे ही! हिच्या बुडाला!"

मंडपातली मंडळी पुढे वाकून बघू लागली. खाडीची माणसं ती. आकडा, तार, बादलीची कडी, आणि तीही मागच्या बाजूला. त्यांना समजावून सांगायची गरज नव्हती. धनेशचं हसू मात्र हळूहळू उतरलं.

आक्का उठली. खुर्च्यांमधून वाट काढत आली, वाकली, तिने कडीवरून बोट फिरवलं. मग वळून म्हणाली, "केसरी, माझे होडीचे बुडाला तुझे बादलीची कडी काय करते रं?"

शेठचा चेहरा राखेसारखा झाला. "आक्का, तरणा होतो तवा... झालं गेलं खाडीला मिळालं."

"खाडीला मिळालं असतं तर बरं होतं. ते माझे होडीला चिकटून राह्यलं." तिने टेबलावरचा माईक उचलून त्याच्या हातात दिला. "आता सांग. बाईमुळं हरली का?"

तो काहीतरी पुटपुटला.

"मोठ्यानं."

"बाईमुळं... न्हाय हरली."

"कुणामुळं हरली?"

"माझ्यामुळं," तो म्हणाला, आणि गोदामाच्या पत्र्यावर त्याचा आवाज आपटून परत आला. अहाहा! मी कितीतरी टाळ्या ऐकल्यात, पण असा गोड आवाज कधी ऐकला नाही. आक्का पदरात तोंड लपवून रडली. म्हणाली, "राघोला कुणीतरी सांगा रं."

लोक गेल्यावर धनेश माझ्यापाशी बसून राहिला. त्याची मान वर होत नव्हती. त्याचं मला वाईट वाटलं. बापावरचं उट्टं काढायला मी लेकाचेच हात वापरले होते. पण वापरले ते वापरले.

त्याने आक्काला सगळं खरं सांगितलं. आकड्याभोवती माझं लाकूड कुजलं होतं. तेवढा तुकडा कापून नवा साग घातला, तर मी पुन्हा पाण्यात धावले असते, पण मग आकडा आणि कडी दोन्ही गेली असती. कडी ठेवायची तर मी कायमची कोरडी. "आक्का, तू सांगशील तसं," तो म्हणाला.

आक्काने माझ्या फळीवर तळवा ठेवला. खोटं कशाला बोलू, मला पाणी हवं होतं. रोज ओहोटी-भरती ऐकत मी अंगणात तेवढ्याच आशेवर जगले होते. आक्काने कडीवरून पुन्हा एकदा बोट फिरवलं. मग म्हणाली, "पाण्यात गेली तर लोक तिचा वेग बघतील. बूड कोण बघणार? राहू दे तशीच."

मी तिच्या बाजूची आहे. राहिले तशीच.

यंदाच्या नारळी पौर्णिमेला मानाचा नारळ धनेशने आक्काच्या हातात दिला. ती काठावर गेली, गुडघाभर पाण्यात उतरली आणि तिने तो नारळ खाडीला दिला. केसरीशेठ आला नव्हता. हल्ली तो या गोदामाकडे फिरकतच नाही.

तर मित्रांनो, जुन्या वस्तू जपा. त्यांना तेल लावा, त्यांच्यावरची धूळ झटका, पावसात टाकू नका. पण नुसत्या वरून घासून चकचकीत करू नका, आधी एकदा उलट्या करून बघा. आणि कुणाची होडी हरली, तर नाळेवर बसलेल्या बाईकडे बोट दाखवण्याआधी होडीच्या बुडाखाली हात घाला.

या गोदामात तुम्हाला बघायला बाकीच्या होड्या सुलट्या मांडल्या आहेत. मी एकटीच उलटी, तुमच्या हाताला लागेल एवढ्या उंचीवर. या, कडीला हात लावा. गंज बोटांना लागेल, लागू द्या. मग बाहेर पडताना फाटकाकडे नीट बघा. तीच मासळी आहे.