भोपळीची आजी

नाशिकरोडला रेल्वे स्टेशन आणि एसटी स्टँड अगदी लागून आहेत. एकीकडचं पुकारणं संपत नाही तोच दुसरीकडचं सुरू होतं आणि माझे कान आपोआप तिकडे वळतात. शहरातल्या जुन्या स्टँडवर चोवीस वर्षं मी चौकशीच्या खिडकीत बसून गाड्या पुकारल्या आहेत. मला सर्दी झाली की सगळ्या कंडक्टरांना कळायचं.

गेल्या मंगळवारी मी सिन्नरच्या बसची वाट पाहत होते. चौकशीच्या खिडकीशी एक मुलगी रडकुंडीला आलेली दिसली, म्हणून उठून गेले. वेदिका तिचं नाव. जळगावच्या एका दवाखान्यात नर्स म्हणून तिची निवड झाली होती. संध्याकाळी पाचच्या आत मूळ कागदपत्रं घेऊन हजर व्हायचं, नाहीतर जागा यादीतल्या पुढच्या मुलीला. वेदिका इथे वसतिगृहात आणि कागदपत्रं गावी, सायखेड्याच्या पुढे. ती घेऊन आजी सकाळीच बसने निघाली होती. दुसऱ्या कुणाच्या हाती द्यायला तयारच नव्हती. बस येऊन अर्धा तास झाला तरी आजीचा पत्ता नाही. तिचा फोन घरीच चार्जिंगला राहिलेला. आणि जळगावची आगगाडी यायला पंधरा मिनिटं उरलेली.

खिडकीतल्या तृप्तीने तीनदा पुकारलं होतं, "लंकाबाई सावळीराम गाजरे, असाल तिथून चौकशी कक्षाजवळ या." कुणी हललं नव्हतं.

"कशी येईल ती?" मी म्हटलं. "लंकाबाई म्हणून तिला शेवटची हाक कोणी मारली असेल? ते रेशन कार्डावरचं नाव. गावात काय म्हणतात गं तिला?"

"महेशची आई. महेश म्हणजे माझे पप्पा."

"मग तसं पुकारा की. द्या बरं तो माईक इकडे."

"काकू, बाहेरच्या माणसाने बोलणं नियमात बसत नाही हो."

"मीही नाही बसत. उभ्यानेच बोलते."

तृप्तीला हसू आलं आणि माईक माझ्या हातात आला. बटण दाबलं आणि आवाज जुनाच निघाला. "महेशच्या आई, असाल तिथून चौकशीपाशी या हो."

दोन मिनिटांत महेशच्या तीन आया हजर. एक नांदगावची, एक सिन्नरची आणि एक धापा टाकत आलेली, "काय झालं माझ्या महेशला?" तिला समजावता समजावता पाच मिनिटं गेली. "काही झालेलं नाही, तुमचा महेश वेगळा," असं सांगितलं तर म्हणते, "पण जेवला का तो?" या तिघींत वेदिकाची आजी मात्र नव्हती.

वेदिका आता रडायलाच लागली. मी तिला विचारलं, "आजी तुला काय म्हणते?"

"वेदिकाच."

"खरं सांग."

ती मान खाली घालून पुटपुटली, "भोपळी. लहानपणी गुटगुटीत होते म्हणून. पण ते नका सांगू ना काकू, माझ्या वसतिगृहातल्या मुली असतात इथे!"

"नोकरी पाहिजे ना?"

तिने डोळे मिटून घेतले. मी बटण दाबलं. "भोपळीची आजी! भोपळीच्या आजी, लवकर या, भोपळीची गाडी चुकतेय!"

सगळं स्टँड हसलं. त्या हसण्यातून वाट काढत, पिशवी छातीशी धरून, हिरव्या लुगड्यातली एक काटक म्हातारी रेल्वेच्या जिन्याकडून पळत आली.

"अगं बाय, आगगाडी तिकडं येती म्हणून मी जिन्यापाशी बसले व्हते!"

"आजी, किती वेळा पुकारलं तुला!"

"लंकाबाई म्हनलेलं ऐकलं की. म्हनलं, आसंल कुनी. मंग म्हने महेशची आई. आपला महेश तर द्राक्षाच्या बागंत, त्यो कशाला बोलावंल? पन भोपळी म्हनल्यावर म्हनलं, ही आपलीच."

"आता बोलत नका बसू, गाडी शिरतेय," तृप्ती आतून ओरडली.

दोघी जिना चढून पळाल्या. माझ्या गुडघ्यांनी साथ दिली नाही, मी खालीच उभी राहिले. वर गाडी थांबल्याचा आवाज आला, मग शिट्टी झाली, मग डबे सरकू लागले. जिन्यावरून बरीच माणसं उतरली आणि त्यांच्यामागून लंकाबाई एकटी उतरली. हात रिकामे, तोंडभर हसू.

"बसली! खिडकी बी गावली. आन् कागदं मी तिच्या हातात न्हाय दिली, गळ्यातल्या पिशवीत घालून चेन लावली."

माझी सिन्नरची बस कधीच गेली होती. मी म्हटलं, "चला, चहा घेऊ."

"चला. तुमचं नाव काय?"

"उत्तरा."

ती जागीच थांबली. "तसं नव्हं. कुनाची आई?"

"आल्हादची."

"हां, मंग चला आल्हादच्या आई. पन साखर कमी सांगा, मला लय गोड चालत न्हाय."