अकरा घरांचा सलाम

अठ्ठावन्न सालच्या उन्हाळ्यात इंदापूरहून मामलेदारांचा हुकूम आला, की देवीची साथ आहे, पाचापेक्षा जास्त माणसांनी एका जागी जमू नये. हुकुमात देऊळ, मशीद, तालीम, बाजार आणि लग्न यांची नावं होती. आमच्या उपासनेचं नव्हतं. त्यावर आमच्यातल्या जयवंताचं म्हणणं, की आपलं नाव नाही तर आपल्याला बंदीही नाही. मी म्हणालो, "जयवंता, साथ काही हुकूम वाचून घरात शिरत नाही."

मी वरकुट्याला मिशनच्या शाळेत मास्तर होतो आणि रविवारी त्याच खोलीत उपदेशक. ख्रिस्ती घरं अकरा, गावाच्या खालच्या अंगाला एका ओळीत. पहिलं माझं, शेवटचं जयवंताचं. आमच्यात देवी म्हणायची चोरी, म्हणून आम्ही त्या आजाराला नुसतं 'फोड' म्हणत असू. त्यानं आजाराला काही फरक पडत नव्हता.

आमच्या मंडळीत उपासना संपली की एकमेकांचा हात हातात घेऊन 'सलाम' म्हणायची रीत. सलाम केल्याशिवाय कुणी घरी जात नाही. बंदीत हात कुठून आणायचे? मी तोड काढली. रविवारी आठाला मी शाळेची घंटा द्यायची, प्रत्येकानं आपापल्या उंबऱ्यावर बसून ठरलेलं गीत म्हणायचं, आणि मग सलाम घरोघर हाकेनं पुढे द्यायचा. मी शेजारच्या गेणबाला, गेणबानं त्याच्या शेजाऱ्याला, असं करत अकराव्या घरी पोचला की जयवंतानं पळीनं थाळी वाजवायची. थाळी वाजली म्हणजे सगळे धड आहेत. मध्येच अडकला, तर कुठं जायचं ते मला कळणार. या युक्तीचा मला इतका अभिमान वाटला, की बारामतीच्या पाद्रीसाहेबांना मी ती पत्रानं कळवली. उत्तर आलं नाही.

पहिल्याच रविवारी सलाम सातव्या घरी अडकला. मी अनवाणी पळत गेलो. सातव्या घरची शकुबाई उंबऱ्यावर तांदूळ निवडत बसली होती.

"गुरुजी, सलाम माज्यापतूर आलाय. पुढं मी देनार न्हाय."

पुढं, म्हणजे आठव्या घरी, थोरली बनाबाई. दोघी जावा, दोघी विधवा. दोन भावांचं एकच घर, मध्ये मातीची भिंत घालून त्याची दोन केलेली. चार वर्षं त्या एकमेकींशी बोलत नव्हत्या. उपासनेला एक या भिंतीला बसे, दुसरी त्या.

"शकुबाई, सलाम म्हणजे काही बोलणं नव्हे," मी म्हणालो.

"मग काय हाय?"

शेवटी असं ठरलं, की शकुबाईनं सलाम नवव्या घरच्या सर्जेरावांना द्यायचा, त्यांनी एक घर मागं येऊन तो बनाबाईला द्यायचा आणि मग पुढं पाठवायचा. सर्जेरावांना कमी ऐकू येई, शकुबाईची खणखणीत हाक तेवढी पोचे. बनाबाईनं सलाम घेतला की नाही, हे त्यांना कळायला मार्ग नव्हता. ते आपला देऊन मोकळे होत. ही गोष्ट त्यांनी मला सांगितली नाही आणि मी अतिशहाणा, मीही विचारली नाही.

तिसऱ्या रविवारी थाळी वाजली. मी समाधानानं चहा घेत होतो, तेवढ्यात शकुबाई खिडकीशी आली.

"थोरली गात न्हाय."

"थाळी तर वाजली."

"वाजू द्या. गान्यात थोरली कायम एक वळ मागं असती. चार वर्सं झाली, भितीपलीकडनं ऐकून माजं डोस्कं फिरतंय. आज माजी वळ संपली आन् मागं कुनीच न्हाय."

आम्ही गेलो. बनाबाईच्या दाराला आतून कडी. मी हाका मारल्या, दार बडवलं. काही नाही.

"शकुबाई, तुम्ही भिंतीतून हाक मारा. तुमचा आवाज ती ओळखेल."

शकुबाई जागची हलली नाही. मला राग आला. उपदेशकाला शोभू नये इतका आला. "तुमची जाऊ आत मरून पडली असेल," मी म्हणालो, "आणि तुम्हाला आधी कोण बोललं याचा हिशेब पडलाय?"

ती आपल्या घरात गेली. आणि थोड्या वेळानं आतून गाणं ऐकू आलं. ऐन वैशाखात, नाताळचं.

आता भांडण काय होतं ते सांगायला हवं. नाताळच्या त्या गाण्यात 'गव्हाणीत निजला राजा' अशी ओळ आहे. शकुबाई लहानपणापासून 'गव्हाणीत भिजला राजा' म्हणायची. चार वर्षांपूर्वी भर उपासनेत बनाबाईनं तिला थांबवलं. "निजला म्हन. भिजायला काय पाऊस व्हता?" शकुबाई म्हणाली, "तान्हं लेकरू हाय, निजलं की भिजनारच." सगळी मंडळी हसली. मीही हसलो, हे मला कबूल केलं पाहिजे. त्या दिवसापासून अबोला.

तर शकुबाई भिंतीला तोंड लावून म्हणत होती, "गव्हाणीत भिजला राजा." एकदा झालं. दोनदा झालं. तिसऱ्यांदा तिचा आवाज फाटला, पण शब्द तिनं बदलला नाही.

भिंतीपलीकडून, कण्हल्यासारखं, आलं, "निजला."

दारापर्यंत उठून यायची ताकद बनाबाईत नव्हती. चूक सुधारण्यापुरती होती.

मी पहारीनं कडी उचकटली. शकुबाईनं येऊन मला बाजूला लोटलं. "तुमी भाईरच ऱ्हावा. मला ल्हानपनी येऊन गेल्यात." तिच्या तोंडावर फोडांचे वण होतेच. एकदा येऊन गेलेल्याला पुन्हा येत नाही, हे सगळ्या गावाला माहीत होतं. ती आत गेली ती बावीस दिवस बाहेर आली नाही. पाणी आणि पीठ आम्ही उंबऱ्यावर ठेवून मागं सरत असू. रविवारी आता सहाव्या घरचा सलाम थेट आठव्या घरी जाई आणि आतून दोघींच्या नावानं उत्तर दोन वेळा येई. दोन्ही वेळा आवाज शकुबाईचाच असे. दर वेळी दुसरा सलाम येईपर्यंत मी उंबऱ्यावरून उठत नसे.

बनाबाई वाचली. उजवा डोळा गेला.

आषाढात बंदी उठली. पहिल्या उपासनेला दोघी एकाच सतरंजीवर बसल्या आणि इतक्या कुजबुजत राहिल्या, की मला उपदेश दोनदा थांबवावा लागला. शेवटी हातात हात घेऊन सगळ्यांचे सलाम झाले. शकुबाई बाहेर चपला शोधत होती तेव्हा मी बनाबाईला विचारलं.

"बनाबाई, आजारात पहिले दोन दिवस तुम्हाला आवाज होता. भिंत वीतभर जाडीची. हाक का मारली नाही?"

तिनं आधी दाराकडे पाहिलं. शकुबाई तिच्याही चपला हातात घेऊन उभी होती.

"मारली असती की," बनाबाई हळूच म्हणाली. "पर ती आली नसती, तर?"