विजापूरची मोटार

सोलापूर स्टेशनाबाहेरच्या अड्ड्यावर दुसऱ्याचा नंबर मारणाऱ्या टांगेवाल्याला शिव्या बसत. चांदसाब मात्र होटगीकडून गाडी आली की आपला नंबर आपणहून सोडून देई. लेक जमीला विजापूरला दिलेली. होटगीला गाडी बदलून ती एखाद्या दिवशी अचानक यायची, आणि नेमकं आपल्या टांग्यात कुणी तिसरंच बसलेलं असायचं, ही धास्ती. लग्नाला वर्ष झालं होतं, ती एकदाही आली नव्हती.

"रिकामा टांगा घोडीला हलका, पन पोटाला जड हाय की," शेजारचा टांगेवाला तिप्पण्णा चिडवायचा.

यंदा निरोप आला. ईदेच्या दुसऱ्या दिवशी येते, जावयाला एकाच दिवसाची सवड. चांदसाबने गुलाब घोडीच्या कपाळाला लाल गोंडा बांधला आणि पहाटेच अड्डा गाठला. दिवसभर भाडं घेतलं नाही, जेवायलाही घरी गेला नाही.

दुपारी पुण्याची गाडी आली. तिचे उतारू पळवायला विजापूरला परत निघालेली सर्व्हिस मोटार फाटकाशी येऊन उभी राहिली. ही मेली अलीकडेच सुरू झालेली, आणि तिचा भोंगा वाजला की गुलाब बिथरायची. चांदसाबने टांगा पार मालधक्क्याच्या भिंतीआड नेला, घोडीच्या डोळ्यांवर रुमाल धरला आणि मोटारीकडे पाठ करून उभा राहिला. भोंगा बराच वेळ वाजत होता. धुरळा बसल्यावर तो परतला.

संध्याकाळच्या गाडीनेही जमीला आली नाही. तो घरी गेला, तर शेजारची सरदारबी दारात बसलेली.

"जमीला येऊन गेली की. सकाळी मोटारीनं आलती, गावातच उतरली. मी म्हनलं, बोलावनं धाडते. तर म्हनली, नगं, अब्बांचं ईदेचं भाडं बुडंल. जाताना मोटार टेसनावर थांबती, तितं भेटते. अब्बा अड्डा सोडून कुटं जानार न्हाईत."

चांदसाब उंबऱ्यावरच बसला. चुलीपाशी जमीलाने केलेला शिरखुर्मा झाकून ठेवला होता. त्याच्याच्याने झाकण उघडवेना.

दुसऱ्या दिवशी मोटार आली तसे सगळे टांगे बाजूला झाले. चांदसाब गुलाबचा लगाम धरून थेट मोटारीपुढे गेला. भोंग्याने घोडी थरथरली, मागे ओढ घेऊ लागली.

"अरं, डोळं झाक की तिचं," तिप्पण्णा म्हणाला.

चांदसाबने रुमाल खिशातून काढलाच नाही. तो तिच्या मानेवरून हात फिरवत राहिला.

"बघ गुलाब, नीट बघून घे. पुढच्या ईदेला हिच्यातनंच यील ती."