दाराआडची काठी

मित्रांनो, मी एक जुनी काठी आहे. बाभळीची आहे, काळी पडले आहे, दिसायला काही बरी नाही. पण माझ्या मुठीला एकदा हात लावून बघा. तिथं लाकूड गुळगुळीत झालंय आणि थोडं आत दबलंय. ती भीमराजच्या तळव्याची जागा आहे.

काठी होण्याआधी मी तिफणीचं रुमणं होते. पेरताना शेतकरी जी दांडी धरतो, ती. मुडबीच्या शिवारात भीमराजनं मला धरून ज्वारी पेरली, हरभरा पेरला. त्याची बायको भागाबाई सोबत चालत चाड्यात, म्हणजे तिफणीच्या लाकडी वाटीत, बी सोडायची. दुष्काळात बैल गेले, तिफण मोडीत निघाली, पुढं भीमराजही गेला. मग भागाबाईच्या गुडघ्यांनी दगा दिला. उठताना डोळ्यांपुढं अंधारी यायला लागली. तेव्हा तिनं मला माळवदावरून खाली काढलं आणि अमृतप्पा सुताराकडं नेलं.

त्यानं मला छाटलं, तासलं, खाली टायरचा तुकडा ठोकला. म्हणाला, "अक्का, ही बाभूळ हाय. तू मोडशील, ही मोडत न्हाई."

"मोडू दे की," भागाबाई हसली. "मरेपर्यंत परसाकडला माझ्या पायानं जायाला आलं म्हंजे झालं. सुनेनं माझं घमेलं उचललेलं मला बघवायचं न्हाई."

तिचं या जगाकडं एवढंच मागणं होतं. ते लक्षात ठेवा.

एका हातात टमरेल, एका हातात मी, अशी ती रोज सकाळी ओढ्याकडं जायची. वाटेत बाया चिडवायच्या, "कुणाचा हात धरून चाललीस गं म्हातारे?" ती म्हणायची, "मालकाचा. जित्ता असताना चारचौघांत धरता आला न्हाई, आता धरायले." मित्रांनो, माझं एवढं कौतुक आयुष्यात दुसऱ्या कुणी केलं नाही.

आता तिच्या भासऱ्यांबद्दल सांगते. भासरा म्हणजे नवऱ्याचा थोरला भाऊ. हे माणिकराव. छप्पन सालच्या बौद्ध धर्मांतरानंतर मुडबीत पहिल्यांदा देव्हारा रिकामा केला तो यांनी. गावाच्या विहिरीवर पहिली घागर बुडवली तीही यांनी, मार खाऊन. शिवाशीव मोडली पाहिजे म्हणून कोहिनूर गावापासून कमठाण्यापर्यंत भाषणं केली. त्यात खोटं काही नव्हतं. मी उगाच कुणाला नावं ठेवत नाही.

पण भासऱ्यापुढं बाईनं बसायचं नाही. पायात चप्पल ठेवायची नाही. पदर ढळू द्यायचा नाही. काठी टेकून तर उभंच राहायचं नाही, ती बरोबरी झाली. आणि भासऱ्यानं धाकट्या भावाच्या बायकोला शिवायचं नाही. देव सोडले, नवस सोडले, हे मात्र कुणी सोडलं नाही. बाईच्या डोक्यावरचं ओझं उतरवायला कुणी सभा भरवत नाही.

माणिकराव संध्याकाळी पुतण्याकडं, म्हणजे भागाबाईच्या लेकाकडं, बाबूलालकडं यायचे. अंगणाच्या तोंडाशी खाकरायचे. खाकरणं ऐकू आलं की भागाबाई मला दाराआड ढकलायची, पदर ओढायची आणि भिंतीला पाठ लावून उभी राहायची. ते चहा पिऊन जाईपर्यंत उभी. दाराच्या फटीतून मला तिचे पाय दिसायचे. थरथरायचे.

सून विमलबाई एकदा भडकली. "आत्या, कामून उभ्या राहायलाव? अण्णांचे पाय खणखणीत हायत, तुमचे गेले. त्यांनीच उभं राहावं की तुमच्यापुढं."

"हळू बोल गं. ऐकतील."

"ऐकू द्या."

"न्हाई बाई. सगळं आयुष्य मान राखला, आता चार दिसासाठी कशाला घालवू?"

विमलबाईनं नवऱ्याला गाठलं. "तुमी तरी सांगा अण्णांना. मायला बसू द्या म्हणा."

"मी कसं सांगू? काय म्हणतील ते?" बाबूलाल म्हणाला आणि गुरांना पाणी दाखवायला निघून गेला.

मित्रांनो, एका माणसाला एक वाक्य बोलायचं होतं. ते कुणी बोललं नाही.

पावसाळ्याचे दिवस होते. अंगणातल्या दगडांवर शेवाळ धरलं होतं. विमलबाई पाण्याला गेली होती, बाबूलाल रानात होता. भागाबाई सकाळी मला टेकत परसाकडला निघाली, तेवढ्यात अवेळीच खाकरणं आलं. दार लांब राहिलं होतं. तिनं मला गव्हाणीला टेकवलं, दोन्ही हातांनी पदर ओढला आणि वाट द्यायला मागं सरकली. पाय निसटला. दगडाच्या कडेवर कमरेनं आदळली. वाळकी काटकी मोडावी तसा आवाज झाला.

माणिकराव हाताच्या अंतरावर होते. वाकले. हात पुढं आला. आणि थांबला. मागं घेतला त्यांनी तो हात. मग वळून हाका मारायला लागले, "विमल, ए विमल."

विमलबाई घागर घेऊन येईपर्यंत भागाबाई चिखलात पडून होती. जो हात मोकळा होता, त्यानं ती पदर सारखा करत होती. ज्या माणसानं अख्ख्या गावाला शिवायला शिकवलं, तो तिला शिवला नाही. मी गव्हाणीला टेकून बघत होते.

आधी हाडवैद्यानं बांबूच्या कांबट्या बांधल्या. मग बिदरला नेलं. डॉक्टर म्हणाले, खुबा मोडलाय, लई उशीर केलात. ती पुन्हा उठली नाही. पाठीला जखमा झाल्या. विमलबाई घमेलं उचलायची आणि भागाबाई भिंतीकडं तोंड करायची. मग तिनं भाकर कमी केली. मग पाणी. विमलबाई रडायची, "आत्या, घोटभर तरी घ्या." ती म्हणायची, "घेतलं की तुला उचलावं लागतंय." ज्वारी काढणीला यायच्या आत ती गेली.

मी दाराआड पडून राहिले. माझ्या मुठीवर कोळ्यानं जाळं केलं.

पुढं काही वर्षांनी माणिकरावांचेही पाय गेले. भिंत धरधरत आले आणि बाबूलालला म्हणाले, "तुझ्या मायची ती काठी हाय का रे?"

आता मी त्यांच्या हातात असते. पारावर, सभेत, पाहुण्यांपुढं, सगळीकडं. मला लपव असं त्यांना कुणी म्हणत नाही.

परवा ते अंगणात येऊन खाकरले. विमलबाई ज्वारी पाखडत बसली होती. तिचेही गुडघे आता कुरकुरतात. जमिनीला हात टेकून ती उठली.

"बस गं बाई," माणिकराव म्हणाले. "उठू नको."

म्हणजे हे शब्द त्यांच्याकडं होते.

विमलबाई बसली नाही. एक हात चौकटीला, एक हात पदराला, तशीच उभी राहिली.

मित्रांनो, तुमच्या घरातली म्हातारी कुणासाठी धडपडून उठतीय, ते एकदा बघा. तिला बसा म्हणा. तिची काठी तिच्या हातात राहू द्या. आणि पडलीच, तर आधी हात द्या, नातं मागून बघा.

अमृतप्पा खरं बोलला होता. मी काही मोडले नाही.