महाराजांचा हादरा

"जागी हो, भूमाते! दे हुंकार!"

महाराजांनी माइकवरून हाक दिली आणि प्रेक्षकांचा लोखंडी स्टँड हलू लागला. मोठ्या क्रीडास्पर्धेसाठी तात्पुरता उभारलेला स्टँड. त्यावर दाटीवाटीने बसलेलं अख्खं गाव महाराजांच्या टाळीवर पाय आपटत होतं. पायाखालच्या फळ्या डुलत होत्या. बायका किंचाळल्या. गावच्या शिंप्यानं कठडा घट्ट धरला.

"माझ्या हातून शांती करून घ्या! नाहीतर पहिल्या धावणाऱ्या पोरीला ही माती गिळेल!"

पहिल्या शर्यतीत शिंप्याचीच लेक होती. बायको गेल्यापासून घरात दोघंच. त्यानं तिचं मनगट धरलं. "चल घरी. नाही धावायचं."

"पप्पा, वर्षभर तयारी केलीय मी!"

"तुझी आई गेली, तेवढं पुरे झालं मला."

शेजारचा खानावळवालाही उठला. "स्पर्धेमुळं रस्ता झाला, पोरांना इथंच काम मिळालं. पण जिवापुढं काय हो?"

तेवढ्यात शाळेतल्या विज्ञानाच्या बाई उठल्या. "महाराज, सगळ्यांना खाली उतरवते. मग बोलवा भूमातेला."

"देवीची परीक्षा घेतेस?"

"देवीची कशाला? तुमची घेते."

स्टँड रिकामा झाला. महाराजांनी घसा कोरडा पडेपर्यंत हाका मारल्या. स्टँड ढिम्म!

"रुसली ती!"

"मग आम्ही मनवतो." बाईंनी धावणाऱ्या मुलींना खालच्या पायरीवर चढवलं. लेक हात सोडवून गेली, तेव्हा शिंप्यानं डोळेच मिटले. बाईंच्या टाळीवर मुलींनी एकदम उड्या मारल्या, आणि कठडा डुलू लागला. बाईंनी लगेच थांबवलं. मग मुलींनी आपापल्या मर्जीनं उड्या मारल्या. नुसता धडधडाट झाला. कठडा डुलला नाही.

"झोपाळ्याला वेळेवर धक्का दिला की तो उंच जातो, तसंच हे," बाई म्हणाल्या. "ठेका महाराजांचा, धक्के तुमचे. आणखी थोडं ताणलं असतं तर स्टँड खरंच कोसळला असता, आणि तुम्ही म्हणाला असतात, महाराज बोलले तसं झालं!"

गर्दी महाराजांकडे वळली. महाराजांनी तोवर काढता पाय घेतला होता.

शिंप्याची भीती गेली नाही. पण ती कशाची, हे आता त्याला कळलं होतं. बाईंनी बोलावलेला मिस्त्री स्टँडला जादा आडवे पाइप आवळत होता, तेव्हा तो स्वतः स्टँडखाली उभा राहिला. एकेक जोड हातानं हलवून पाहिला. मग लेकीला म्हणाला, "धाव."

बाबांनो, बाहेरची माणसं गावात येतात, हातांना काम मिळतं, पोरींना मैदान मिळतं. भीतीपोटी ते घालवू नका. पायाखाली हललं, तर हात जोडण्याआधी एवढंच विचारा: हलवतंय कोण?